कॅबिनेट म्हणजे कपाट नव्हे

दुकानातून,
बुधवार, गिऱ्हाईक नसताना

तीर्थस्वरूप साडूसाहेब यांना साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जमिनीला टेकवण्याइतकी मोकळी जागा आज दुकानात नाही. ती का नाही ते पुढे येईलच, तोवर नुसते हात जोडलेले समजून घ्यावेत.) ताईंनाही नमस्कार. आपली तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? करवत चालवताना उजव्या खांद्यात कळ यायची ती थांबली का? भुशाने शिंका येतात त्यावर आपण तोंडाला फडकं बांधायला लागलात असं ऐकलं, फार बरं केलंत, फक्त ते फडकं सुती असू द्या, टेरिकॉटमध्ये जीव घुसमटतो. (हे सगळं मला कसं कळतं असं विचारू नका. भाजीबाजारातून कळतं.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. म्हणजे मी आणि गिऱ्हाइकं दाराच्या या बाजूला खुशाल आहोत आणि आपली मेहुणी दाराच्या त्या बाजूला खुशाल आहे. हेही पुढे येईल.

आपण माझ्याशी बोलत नाही हे मला ठाऊक आहे. मीही आपल्याशी बोलत नाही, हे आपल्या ध्यानात आलं असेलच. पण न लिहिण्याबद्दल आपल्यात काही ठरलेलं नव्हतं, म्हणून हे पत्र. फोन आपण उचलत नाही आणि पोस्टाने पाठवलं तर अक्षर ओळखून आपण न फोडता रंध्याखाली घालाल, म्हणून हे ताईंच्या पिशवीतून येईल, वर कोबी असेल. (आणि आता 'आपण, आपण' करून माझी मान आखडली. 'तुम्ही' म्हणतो. रागवायचंच असेल तर मूळ गोष्टीवर रागवा, यावर नको.)

मूळ गोष्ट मला उकरायची नाही. फक्त नोंद बरोबर असावी म्हणून सांगतो की तुमच्या लेकीच्या लग्नात तुम्ही खुर्ची उचलायला वाकलात तेव्हा मी शिवलेली पँट फाटली नाही, उसवली. कापड फाटतं, शिवण उसवते. इतकी वर्षं एका शिंप्याचे साडू असून तुम्हाला हा फरक कळू नये याचं मला जास्त वाईट वाटलं. त्यावर तुम्ही नव्या व्याह्यांच्या देखत जे बोललात ते तर माझ्या काळजात टाचणीसारखं घुसून बसलंय. शिवणीच्या आत आम्ही जे जादा कापड राखून ठेवतो, पुढेमागे सैल करता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात, हे मीच तुम्हाला एकदा कौतुकाने सांगितलं होतं. तेच तुम्ही उलटवलंत. "आमच्या लाकडात माया सोडत नाहीत, तरी माझं एकही कपाट आजवर भर लग्नात फाटलं नाही," असं तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, "कपाटाचं पोट सुटत नाही." झालं. एवढ्यावरून तुम्ही तिकडे आणि मी इकडे. तुम्ही माझ्या दुकानाचं कपाट अर्धवट सोडलंत, फळ्या माझ्याकडे आणि दारं तुमच्या कारखान्यात. मी त्याला पडदा शिवून लावला. (पडदा उत्तम बसला आहे. त्यालाही माया सोडली आहे.)

यात हाल झाले ते दोघी बहिणींचे. त्या भाजीबाजारात अशा भेटतात की बघणाऱ्याला वाटावं काही चोरीचा माल इकडचा तिकडे चाललाय. रविवार आला की आमचं घर खायला उठतं. ही अजून सवयीने चार माणसांचं जादा रांधते आणि मग सोमवारी तेच आम्हाला वाढते, आणि वाढताना माझ्याकडे बघते. बोलत काही नाही. बोलली असती तर मी उत्तर तरी दिलं असतं.

आता मुख्य विषय. आमच्या कन्येने (ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, तुम्हाला माहीतच आहे, तिच्या टेबलाची उंची चुकली आहे असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत आणि ते खरं निघालं) मला एक डबी आणून दिली. अंगाच्या साबणाएवढी. म्हणाली, बाबा, तुमच्या तरुणपणी जेवढे म्हणून व्हिडिओ गेम होते, ते सगळे ही डबी खेळवते. मी म्हटलं, हिच्यात ते मावले कसे? त्यावर तिने मला समजावलं की ही डबी जुन्या यंत्राची नक्कल करते. आत सगळं नवं असतं, पण खेळाला वाटतं की आपण आपल्या जुन्याच घरात आहोत, म्हणून तो बिचारा पूर्वीसारखा सुरू होतो. मला हे ऐकून खेळाची थोडी दया आली. मग तिने ती डबी टीव्हीला लावली, माझ्या हातात एक खेळणं दिलं आणि आपला तो विमानांचा खेळ सुरू केला. तोच! ती सुरुवातीची किणकिण ऐकली आणि माझ्या अंगावर काटा आला. पण खेळायला बसलो तर मजा येईना. उशीला टेकून, पाय पसरून कुठे विमानं पाडतात का? तो उभ्याने खेळायचा खेळ. समोर ते उंच लाकडी यंत्र हवं, दांडीवर घट्ट मूठ हवी, बटणांवर थापा मारता यायला हव्यात, आणि शेजारी कुणीतरी हवं, ज्याच्या कोपराने आपला नेम चुकला असं म्हणता येईल.

आठवतंय ना? (आठवत नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या, पण आठवत असणारच.) ते कोपऱ्यावरचं गेमचं दुकान, शेवटचं यंत्र, जिथून मान मागे वळवली की समोरच्या घराची वरची खिडकी दिसायची. तुम्ही डाव्या दांडीवर, मी उजव्या. आपली ओळखसुद्धा नव्हती. मला वाटायचं हा सुताराचा पोरगा विमानं पाडण्यात पटाईत दिसतो, रोज येतो. तुम्हाला माझ्याबद्दल तेच वाटत होतं म्हणे. प्रत्यक्षात आपण दोघंही भिकार खेळायचो, कारण दोघांचं अर्धं लक्ष त्या खिडकीत. आणि जेव्हा एकमेकांचं लक्ष कुठे असतं ते एकमेकांना कळलं, तेव्हा आपण चार दिवस असे गुरगुरत खेळलो की दुकानदाराने यंत्र मोडेल म्हणून हात जोडले. मग एका संध्याकाळी खिडकीत दोघी दिसल्या. दोघी! बहिणी आहेत हे कळल्यावर तुम्ही माझ्या पाठीत जी थाप मारलीत, तशी थाप पुढे तुम्ही लग्नातही मारली नाहीत. असो.

तर मी ठरवलं की असं एक जुनं यंत्र मिळवायचं आणि त्याच्या पोटात ही साबणाची डबी बसवायची. कन्येने चौकशी करून जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याचा पत्ता काढला. याच्या गोदामात अशी बंद पडलेल्या दुकानांतली यंत्रं रांगेने उभी आहेत, काही भिंतीकडे तोंड करून. हा गृहस्थ कोणत्याही प्रश्नाला "चालेल" एवढंच उत्तर देतो, म्हणून आम्ही त्याला चालेलभाऊच म्हणायला लागलो. हे यंत्र चालतं का? चालेल. आत्ता चालत नाही ना? चालेल. याचं लाकूड भिजलंय का? चालेल. मी वैतागून विचारलं, मी उद्या येऊ की परवा? तर म्हणाला, चालेल. असा माणूस माझ्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून आला तर किती बरं होईल, असं मात्र सारखं वाटत होतं.

पहिलं यंत्र बघितलं ते गाडीचं. त्याला खुर्ची, स्टिअरिंग, पायाशी दोन पट्ट्या. मी आत बसलो आणि मला उठता येईना, कन्येने आणि चालेलभाऊंनी दोन्ही काखांना धरून मला उपसून काढलं. शिवाय त्यात एकच माणूस बसतो. दुसरं फार देखणं होतं. कडेला मूळची चित्रं शाबूत, काच शाबूत, आणि चालेलभाऊंनी बटण दाबलं तर चक्क सुरू झालं. चालेलभाऊंना स्वतःलाच धक्का बसला. मी लगेच म्हटलं, हेच. पण कन्या म्हणाली, बाबा, हे घ्यायचं नाही. चालतं यंत्र उघडून त्याची आतडी फेकायची आणि तिथे आपली डबी ठेवायची हे बरोबर नाही, ज्याला हे आहे तसं हवंय त्याला ते मिळू दे, आपल्याला रिकामं बघायचंय. मी आधी कुरकुरलो. मग मनात विचार केला की कुणी माझ्याकडे चांगला कोट घेऊन आला आणि म्हणाला याची पिशवी शिवा, तर मी त्याला दुकानाची पायरी उतरवीन. पटलं. मी त्या यंत्राला नमस्कार केला आणि पुढे गेलो.

तिसरं टेबलासारखं होतं. वर काच, खाली स्क्रीन, समोरासमोर बसून खेळायचं. हे मला व्यवहाराच्या दृष्टीने आवडलं, कारण खेळ नसेल तेव्हा त्यावर कापड बेतता आलं असतं. पण समोरासमोर बसायचं म्हणजे सारखं दुसऱ्याचं तोंड बघायचं. ज्या दोन माणसांचं एकमेकांचं तोंड बघण्याचं सध्या जमत नाही, त्यांना ते टेबल काय कामाचं? (मी हे सर्वसाधारण दोन माणसांबद्दल बोलतोय.) शेजारी शेजारी उभं राहिलं की बरं असतं. दोघांनी पुढे बघायचं, बोललं तर बोललं, नाही तर विमानं आहेतच.

आणि चौथं कोपऱ्यात होतं. त्याच्या आत काहीच नव्हतं. स्क्रीन कुणीतरी काढून नेलेला, तिथे नुसता चौकोनी खिडकीएवढा भगदाडासारखा आकार, मागचं दार गायब, तळाचं लाकूड पाणी पिऊन फुगलेलं, बटणं अर्धी गेलेली. डावी दांडी शाबूत, उजवी मोडलेली. पण बटणांची पाटी अशी ऐसपैस की दोन माणसं खांद्याला खांदा लावून सुखाने उभी राहतील. मी लगेच गळ्यातली टेप काढली. माझ्या खांद्याचं माप मला माहीत आहे आणि तुमचं मला पाठ आहे. दोन्ही धरून पाटीवर टेप ठेवली तर बरोब्बर बसलं. तुम्हाला वाटेल, हे आपलंच यंत्र होतं की काय? मलाही वाटलं. पाटीच्या खाली हात घालून बघितलं, कारण तुम्ही तिथे खिळ्याने आपलं नाव कोरलं होतंत. नव्हतं. दुसऱ्याच कुणाचं तरी होतं, आणि शिवाय तीन ठिकाणी चिकटलेलं च्युइंगगम. तरी मी हेच घेतलं. चालेलभाऊंना म्हटलं, हे न्यायचं का? ते काय म्हणाले असतील ते तुम्ही ओळखलंच असेल.

आता मापाचं सांगतो, कारण पुढे कुणी काही म्हणण्याआधी माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. यंत्र दुकानातून आतल्या दाराने घरात न्यायचं होतं. मी घरून त्या दाराचं माप घेऊन गेलो होतो. गोदामात यंत्राची उंची घेतली, मग टेप त्याच्याभोवती गुंडाळून घेर घेतला, घेराचा चौथा भाग काढला, दाराशी ताडून बघितला, बसत होता. वर दोन बोटं माया. हा हिशेब मी जन्मभर करत आलोय आणि माणसांच्या बाबतीत तो चुकलेला नाही. (एक अपवाद तुम्ही मानता. मी मानत नाही.) फरक इतकाच झाला की टेप मी यंत्राच्या कमरेला लावली, म्हणजे पाटीच्या खाली. पाटी पुढे आणि दोन्ही कडांना बाहेर आलेली आहे, ती त्याच्या पोटासारखी, ती मापात आली नाही. कंबर मोजली, पोट राहिलं. या गोष्टीचा तुमच्या पँटशी काडीचाही संबंध नाही, हे मी इथेच स्पष्ट करतो.

घरी येऊन मी हिला सांगितलं की शनिवारी दुकानात कॅबिनेट येतंय. कन्या त्या यंत्राला कॅबिनेटच म्हणते, गोदामातही तोच शब्द चालतो, तोच माझ्या तोंडात बसला. हिने हातातलं काम खाली ठेवलं. "कॅबिनेट?" म्हणाली. मी म्हटलं, हो, बरेच दिवस मनात होतं. माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, अरे वा, जुन्या दिवसांची आठवण हिलाही आहे म्हणायची! मग ती आत गेली आणि मला फोनवरचं बोलणं ऐकू आलं. ती ताईंना सांगत होती की अगं, झालं एकदाचं, यांनी भाऊजींना कपाटाचं काम पुरं करायला सांगितलं, शनिवारी कपाट येतंय, ते लावून झालं की पुढच्या रविवारी तुम्ही सगळे इकडेच जेवायला या. आणि पलीकडे ताईसुद्धा रडत असाव्यात, कारण ही मधेच म्हणाली, तू रडू नकोस, नाहीतर मला पुन्हा रडू येईल.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी मी आत जाऊन काय बोलायचं होतं? कॅबिनेट म्हणजे कपाट नव्हे, असं? जन्मभर गिऱ्हाइकांना तोंडावर "तुम्हाला हा रंग शोभत नाही" सांगणारा मी, दुकानात जाऊन कात्रीला धार लावत बसलो. म्हटलं, शनिवारी बघू.

शनिवारी टेम्पो आला. दोन हमालांनी यंत्र दुकानात आणलं, आतल्या दाराशी नेलं आणि ते अडकलं. त्यातला एक म्हणाला, तिरकं करू. तिरकं केलं. पाटीचा एक कान चौकटीच्या आत गेला, दुसरा बाहेर राहिला, आणि जोर लावला तशी पाटी चौकटीत अशी रुतून बसली की आता ना आत ना बाहेर. खाली फुगलेलं लाकूड उंबरठ्याला घट्ट. आम्ही ढकललं, ओढलं, साबण लावला (अंगाचा, डबीचा नव्हे), कन्येने तेल ओतलं, त्याने फक्त मी एकदा घसरलो. हमाल म्हणाले, आमचं काम आणण्याचं होतं, आत घालण्याचं नव्हतं, आणि गेले. मग मागच्या गल्लीतून वळसा घालून आपली मेहुणी दुकानात आली. यंत्रासमोर उभी राहिली. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. एक दांडी धरून हलवली. मग फार शांतपणे म्हणाली, "भाऊजींचा राग अजून गेलेला नाही."

तिला वाटलं, हे कपाट तुम्ही बनवलंय! म्हणजे साडूसाहेब, तुमच्या हातचं काम म्हणून. खण नाहीत, फळ्या नाहीत, मधोमध भगदाड आणि पुढे दोन दांड्या, त्यातली एक मोडकी. तुमचा इतका अपमान माझ्याही हातून कधी झाला नसता. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पँटा न्यायला बँकेतले गृहस्थ आले आणि राहूनच गेलं.

तेव्हापासून आमचं असं चाललंय. घराचं आणि दुकानाचं दार म्हणजे ते यंत्र. त्याचं तोंड दुकानाकडे, उघडी पाठ घराकडे. स्क्रीनच्या जागी जी मोकळी चौकट आहे तिच्यातून ही मला चहा देते. सकाळी गिऱ्हाईक माप द्यायला हात वर करून उभं असतं आणि एकदम यंत्रात हिचा चेहरा उगवतो आणि विचारतो, दूध आणलंत का? एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दचकून माझी टेपच सोडली. बँकेतले गृहस्थ म्हणाले, चित्र फारच स्पष्ट आहे हो. कन्या म्हणते, यंत्रावर सध्या एकच कार्यक्रम लागतो आणि तो बंद करायचं बटण नाही. मला स्वतःला खरं सांगायचं तर या प्रकाराचा मुळीच राग येत नाही. तिला खिडकीत बघायची माझी जुनी सवय आहे. पण ती हल्ली खिडकीतून माझ्याकडे बघत नाही, माझ्यामागच्या रस्त्याकडे बघते, तुमची गाडी येते का ते.

असो. पत्र लांबलं. ताईंना पुन्हा नमस्कार, लेकीला आणि जावयांना आशीर्वाद, कारखान्यातल्या मांजरीला अंगावरून हात फिरवणे. आमची काळजी करू नये. विशेष काही काम नव्हतं, सहज ख्यालीखुशाली कळवावी म्हणून लिहिलं.

आपला आज्ञाधारक (मापाचा विषय सोडून),
साडू

ता. क. : रविवारी येताना बारीक दातांची करवत, पटाशी आणि तो लाकडी हातोडा आणावा. चौकट कापायची की पाटी, हे तुम्ही ठरवा, मी मधे बोलणार नाही. मोडलेल्या दांडीलाही काहीतरी करावं लागेल. ती उजवीकडची, म्हणजे माझी आहे, तेव्हा तुम्ही ती मुद्दाम आखूड कराल हे मला माहीत आहे. करा.

ता. क. दुसरा : कपाटाची दारं तुमच्याकडे भिंतीला टेकून उभी आहेत, त्यांवर धूळसुद्धा नाही असं ताईंकडून कळलं. तीही गाडीत घालता आली तर बघा. आणि कुणी विचारलं तर कपाटाची ऑर्डर मी दिली होती आणि हे यंत्र म्हणजे तुमचं काम नव्हे, एवढी दोन वाक्यं तुम्ही म्हणा. पहिलं खोटं आहे, दुसरं खरं, सरासरी बरी पडेल. हे एवढं केलंत तर दोघींचा रविवार वाचेल. माझाही वाचेल. तुमच्यावाचून फार कंटाळा येतो हो.

ता. क. तिसरा : घात झाला. वरचं सगळं मी यंत्राच्या पाटीवर कागद ठेवून लिहीत होतो (उंची लिहायला झकास आहे) आणि ही पलीकडून चौकटीत कोपरं टेकून सुरुवातीपासून वाचत होती. उलटी अक्षरं तिला वाचता येतात हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. म्हणाली, "कॅबिनेट म्हणजे कपाट नव्हे हे मला कळत नाही होय? मी आणि ताई त्या खिडकीतून रोज काय बघत होतो? तुम्हा दोघांच्या पाठी आणि ते कॅबिनेट." म्हणजे फोनवरचं ते सगळं ठरवून! रडणं तेवढं खरं होतं म्हणाली, ते बोलता बोलता आपोआप आलं. आणि तुमच्या रागाचं ते वाक्य तिने सकाळीच जुळवून ठेवलं होतं. ताईंनाही सगळं माहीत आहे, तेव्हा तुम्ही आता ती दोन वाक्यं म्हणायची गरज नाही. करवत मात्र आणा. आता ही चौकटीतून हात घालून माझ्या बाहीला ओढते आहे आणि विचारते आहे, "पँटचं लिहिलंत का?"

ता. क. चौथा : लिहितो. ती पँट ताईंनी लग्नानंतर हिच्याजवळ दिली होती, भाजीच्या पिशवीत, टाकून द्यायला म्हणून. मी टाकली नाही. मागच्या शिवणीत मी भरपूर माया सोडली होती, तुमच्यासाठी नेहमीपेक्षा जास्तच, तुम्हाला बघायची असती तर आत बघता आली असती. ती सगळी उसवून पँट मी पोटाच्या मापाने पुन्हा शिवली आहे. दारं नसलेल्या कपाटात, पडद्यामागे, पहिल्याच खिळ्याला टांगलेली आहे, इस्त्री करून. रविवारी आलात की घाला आणि डाव्या दांडीवर उभे राहा. तो खेळ वाकून खेळावा लागतो.